छाटीतला सदरा

"हा नको," ऋता म्हणाली, आणि माझ्या अम्माचा सदरा भिंतीकडच्या ढिगावर जाऊन पडला.

ढिगावर पडणं म्हणजे काय, हे त्या हॉलमधल्या प्रत्येक बाईला कळलं. टाकणारीला तेवढं कळलं नाही.

विडीच्या धंद्यातली एक पद्धत सांगते, म्हणजे पुढचं समजेल. बाई घरी बसून विड्या वळते आणि दुसऱ्या दिवशी त्या कंपनीच्या ब्रँचला नेऊन देते. तिथे चेकर बसलेला असतो. तो एकेक जुडी उचलतो, चिमटीत दाबतो, आणि मनाला येईल ती विडी बाजूला टाकतो. त्याला छाट म्हणतात. छाटीची मजुरी बाईला मिळत नाही. बरं, मजुरी देत नाही तर विडी तरी परत द्या, तेही नाही. छाट कंपनीकडेच राहते. मग ती लेबल न लावता सुटी विकली जाते आणि ओढणाऱ्याला ओढताना तिच्यात काही वाईट सापडत नाही. माझी आई परकर नेसायच्या वयापासून विड्या वळत होती. किटलीछाप विडीच्या सात नंबरच्या ब्रँचवर माळगे चेकरसमोर तिचा जन्म गेला. छाट परत मागणारी बाई तिने कधी पाहिली नव्हती. तसं कुणाला सुचलंच नव्हतं.

तर त्या दिवशी चेकरच्या जागी ऋता बसली होती.

ऋता म्हणजे किटलीछापवाल्या कोठावळे मालकांची एकुलती एक लेक. पण हे असं म्हटलेलं तिला चालत नसे. तिने आडनाव टाकलं होतं. कपड्यांवर नुसतं 'ऋता', चित्रांखाली नुसतं 'ऋता'. परदेशात शिकून आली, मुंबईत स्वतःचं फॅशनचं दुकान काढलं, मग कपड्यांतूनच कलेकडे वळली. मासिकात तिची मुलाखत यायची, फोटो यायचा, आणि खाली ठळक अक्षरांत यायचं की वडिलांचा एक रुपयाही मी घेतला नाही. ते खरंच होतं. जिच्या बापाची गोदामं असतात तिला रुपया घ्यावाच लागत नाही.

सोलापूरला ती आली ते तेंदूच्या पानांचे कपडे करायला. विडी वळणाऱ्या बायकांनीच ते शिवायचे, असं तिच्या मनात होतं. खाली मलमल, तिच्यावर पानं टाचायची. पान ओलं असताना कापायचं, सुकायच्या आत टाका घालायचा. प्रत्येकीने स्वतःला हवा तो एक कपडा करायचा आणि मुंबईच्या प्रदर्शनात प्रत्येक कपड्याखाली बाईचं नाव लागणार. कामाला जागा म्हणून वडिलांची बंद पडलेली एक ब्रँच मिळाली. पानं वडिलांच्या गोदामातून आली. ने-आण करायला कंपनीचा टेम्पो. बाकी सगळं तिचं.

मला तिने शोधून काढलं होतं. मी सातवीत शाळा सोडून विड्या वळायला बसलेली बाई, पण युनियनच्या दिवाळी अंकात चेकरवर चार पानं लिहिली होती. ती वाचून तिने मला भिंतीवर लावायचा मराठी मजकूर लिहायला घेतलं. पहिल्याच दिवशी सगळ्यांना सांगितलं की मला मॅडम म्हणायचं नाही, मालकीण तर अजिबात नाही, नुसतं ऋता म्हणा. बायकांनी तिचं ऐकलं आणि तिला ऋतामालकीण म्हणू लागल्या.

खोटं कशाला बोलू, बाई कामाची होती. जमिनीवर मांडी घालून आमच्याबरोबर बसायची. सुईने बोटं फोडून घेतली, तरी उठली नाही. कडक भाकरी आणि शेंगाचटणी डोळ्यांत पाणी आणून खायची आणि अजून वाढा म्हणायची. मजुरी कंपनीपेक्षा चांगली, ती पण रोजच्या रोज हातात. म्हातारी नागव्वा म्हणायची की पोरगी बापावर गेली नाही, कुणावर गेली कोण जाणे, आणि हसायची. नागव्वाला दात नव्हते, त्यामुळे तिने चांगलं म्हटलं तरी ते टोमण्यासारखंच वाटायचं. तिने स्वतः एक लहान पोराचं झबलं शिवलं होतं. कुणी पैठणीचा पदर केला, कुणी परकर-पोलकं.

माझ्या आईने पुरुषाचा सदरा शिवला. दोन खिसे असलेला.

मी विचारलं, हा काय प्रकार, अम्मा? ती म्हणाली, चेकरच्या सदऱ्याला दोन खिसे असतात, बाईच्या कपड्याला एक पण नसतो, मला बघायचंय खिशात हात घालून कसं वाटतं. आणि तिने खरंच घातला. सदरा अंगात चढवून, दोन्ही हात खिशात घालून, माळगे चेकर चालतो तसं पोट पुढे काढून ती हॉलभर चालली. बायका हसून लोळल्या. ऋता पण हसली. टाळ्या वाजवल्या तिने.

आणि निवडायच्या दिवशी तो सदरा ढिगावर टाकला. तिचंही काही चुकलं नव्हतं. मुंबईच्या गॅलरीत जागा बाराच कपड्यांची होती. ती एकेक उचलायची, उजेडाकडे धरायची, टाका बोटाने चाचपायची, आणि 'हो' किंवा 'नको'. चिमटीतसुद्धा चेकरसारखंच धरायची. रक्ताचा गुण, दुसरं काय. अम्माचा सदरा तिला विनोदी वाटला. प्रदर्शनाचा सूर गंभीर आहे म्हणाली.

ज्यांचं 'नको' झालं त्या बायका उठल्या. पदर झटकला, टोपली उचलली आणि निघाल्या. मजुरी घ्यायलाही कुणी थांबेना. ऋता गोंधळली. तिने सगळ्यांना परत बोलावून पूर्ण मजुरी दिली, तेव्हा बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. छाटीला मजुरी, हे जन्मात पहिल्यांदा घडत होतं. म्हणून ढिगाकडे कुणी पाहिलंच नाही. अम्मा तर त्या ढिगाला वळसा घालून गेली, ब्रँचमध्ये छाटीच्या टोपल्याला घालायची तसाच.

"सुगुणा, या बायका आपले कपडे घरी का नाही नेत?" ऋताने मला विचारलं.

मी तिला छाट म्हणजे काय ते सांगितलं. सगळं सांगितलं, चेकर, टोपलं, बिनालेबलाची विक्री. मालकाच्या मुलीला तोंडावर सांगायला मिळालं म्हणून जरा चढ्या आवाजातच सांगितलं. तिचा चेहरा उतरला. मग हळूहळू चढला. तिने तो शब्द दोनदा स्वतःशी म्हणून पाहिला. "छाट," ती म्हणाली. "किती भयंकर. किती सुंदर शब्द आहे."

दुसऱ्या दिवशी टेम्पो आला आणि बारा कपडे आणि तो ढीग, सगळंच घेऊन गेला.

अम्माला त्यानंतर झोप लागेना. तिसऱ्या दिवशी विड्या वळताना एकदम म्हणाली की मी सदरा मागायला पाहिजे होता. मी म्हटलं मजुरी घेतलीस ना? त्यावर ती उसळली. मजुरी शिवायची घेतली, म्हणाली, सदऱ्याची कुठं घेतली? हे कायदा शिकलेल्या माणसालाही सोडवता आलं नसतं.

"बिड्डा," ती मला म्हणाली. आमच्यात लेकराला असं म्हणतात. "जन्मभर जे केलं ते लोकांनी जाळलं. विडी आहे, ती जळायलाच केलेली. हे एकच केलं जे जळणार नाही. तू मुंबईला जाणार ना? येताना माझा सदरा घेऊन ये."

एवढंच काम होतं. एक सदरा आणायचा.

मुंबईला कंपनीच्या गाडीतून निवडलेल्या बारा बायका आणि मी गेलो. गॅलरीत गार वारा, पांढऱ्या भिंती, आणि बोलणारे लोक इतकं हळू बोलत होते की कुणीतरी आजारी असावं असं वाटलं. बारा कपडे बारा काचांत होते. खाली बारा नावं, अगदी शुद्ध लिहिलेली. बायका आपापल्या काचेसमोर फोटोला उभ्या राहिल्या. ऋताने दिलेला शब्द पाळला होता.

पण त्या काचांसमोर गर्दी नव्हती. गर्दी मधल्या दालनात होती.

तिथे जमिनीवर आमचा ढीग होता. जसाच्या तसा. वरून एक पिवळा दिवा सोडलेला. झबली, पदर, पोलकी, सगळे एकमेकांवर पडलेले, आणि वरच्या बाजूला अम्माचा सदरा, एक बाही पसरून. भिंतीवर मोठ्या अक्षरांत 'छाट'. खाली छाट म्हणजे काय ते लिहिलं होतं. शब्द माझे होते, चढ्या आवाजातले, फक्त चढा आवाज काढून टाकलेला. त्याच्या खाली एकच नाव. ऋता.

लोक त्या ढिगाला वळसा घालून जात होते. एका बाईने डोळे पुसले. बाजूला भिंतीवर लाल टिकली चिकटवलेली होती. गॅलरीच्या झरीनबाईंनी मला समजावलं की लाल टिकली म्हणजे विकलं गेलं, आज दारं उघडायच्या आधीच, मोठ्या संग्रहात.

मी ऋताला गाठलं. म्हटलं, अम्माचा सदरा हवाय. तिने परत मागितलाय.

तिचा चेहरा उजळला. म्हणाली की तो सदरा या सगळ्या कामाचा प्राण आहे, अम्माला सांग. मी म्हटलं सांगते, पण सदरा द्या. तेव्हा तिला कळलं की मी खरंच मागतेय. मग ती समजावायला लागली. हा आता वेगळा कपडा राहिलेला नाही, हा ढीग मिळून एक कलाकृती आहे. एक काढला तर अर्थ बिघडतो. मी विचारलं, बारा जणींची नावं लावली, यांची का नाही? ती म्हणाली, तेच तर! छाटीला नाव नसतं, तेच मला दाखवायचंय.

"मग तुम्ही पण तेच करताय."

"मी ते करत नाहीये, सुगुणा. मी त्यावर बोलतेय." तिच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं. "माझ्या बापाने तुमच्याशी जे केलं, ते मी इथे जगासमोर मांडलंय. तुला कल्पना आहे का हे करायला मला काय सोसावं लागलं?"

मला कल्पना नव्हती. मी म्हटलं, आईने ढीग नाही मागितला, सदरा मागितला.

"ते आता माझ्या हातात नाही," ती म्हणाली. "विकलं गेलंय. माझं असतं तर दिलं असतं."

तेवढ्यात गर्दी आपोआप दोन्हीकडे सरकली आणि कोठावळे मालक आत आले. मी त्यांना ब्रँचच्या भिंतीवरच्या फोटोत पाहिलं होतं. फोटोत हार असायचा, म्हणून मला लहानपणी ते मेलेले आहेत असं वाटायचं. काठी टेकत ते सरळ ढिगापाशी आले. ढिगाभोवती दोरी होती, ती त्यांनी काठीने खाली दाबली आणि ओलांडली. वाकून एक पान बोटांत चुरगळलं.

"गोंदियाचं पान," ते म्हणाले. "आपल्या गोदामातलं. चांगला माल होता हा." मग माझ्याकडे पाहिलं. "तू कुठल्या ब्रँचची?"

सात नंबरची, मी म्हटलं. मी काही घाबरत नाही कुणाला, पण तोंडातून ब्रँचचा नंबर आधी निघाला आणि मग राग आला. त्या रागातच सांगून टाकलं की त्या ढिगात माझ्या आईचा सदरा आहे आणि तो मला घेऊन जायचाय.

"कुठला?"

मी बोट दाखवलं. त्यांनी काठीच्या टोकाने सदरा उचलला.

"पपा, हात लावू नका," ऋता हळूच पण घाईने म्हणाली. "ते विकलं गेलंय."

"माहीत आहे. मीच घेतलंय."

मालकांनी सदरा काठीवरून हातात घेतला, उलटापालटा करून पाहिला, दोन्ही खिसे बघून त्यांना हसू आलं.

"नवीन ऑफिसच्या पोर्चमध्ये ठेवणार आहे," ते तिला म्हणाले. "बरं दिसेल."

"मागच्या प्रदर्शनातलं?" ऋताने विचारलं.

"ते पण आपल्याकडेच आहे."

"आणि लंडनचं?"

"लंडनला आपला एजंट आहे ना, बाळा." ते अगदी मायेने बोलत होते. आजारी पोराला औषध गुळात घालून देतात तसं. "असली छाट बाहेर कोण घेतं? ती घरातच खपवायची असते."

आणि सदरा त्यांनी माझ्या पुढे धरला. "घेऊन जा आईला. एक कमी झाला तर ढिगाला काय कळतंय."

मला तो हात झटकून टाकावासा वाटला. जिने माझ्याबरोबर जमिनीवर बसून भाकरी खाल्ली, तिला हा सदरा देता आला नाही. ज्याने आमचा जन्म टोपल्यात टाकला, त्याने हसत हसत देऊन टाकला. त्याला देता येत होता कारण तो त्याचा होता, सदरा पण, ढीग पण, लेक पण. मी घेतला. अम्माने आण म्हटलं होतं, माझा मान संभाळ असं काही म्हटलं नव्हतं.

दारातून मी मागे वळून पाहिलं. ऋता भिंतीपाशी गेली होती. लाल टिकलीसमोर उभी होती. मला वाटलं आता ही टिकली खरवडून काढते, आता काहीतरी होतं. झरीनबाईंनाही तसंच वाटलं असावं, त्या लगबगीने तिच्याकडे निघाल्या. ऋताने बोट लावलं. टिकली जरा तिरकी बसली होती, ती तिने सरळ केली. मग वळून कुणाशीतरी हस्तांदोलन केलं.

याला आता बरीच वर्षं झाली. ऋता खूप मोठी झाली. परवाच तिची मुलाखत पाहिली. शून्यातून सुरुवात केली म्हणत होती. मला त्यात खोटं काही वाटलं नाही. त्या संध्याकाळनंतर तिच्याकडे शून्यच उरलं होतं, आणि तिथून ती पुन्हा उभी राहिली म्हणजे हिंमत पाहिजे. किंवा गोदाम पाहिजे.

मी घरी आले तेव्हा अम्मा सूप मांडीवर घेऊन दारात बसली होती. मी पिशवीतून सदरा काढला. प्रवासात एका बाहीची पानं तडकली होती. अम्माने सूप खाली ठेवलं, पण हात पुढे केला नाही.

"कोणी दिला?" तिने विचारलं.

मी तिच्याकडे पाहिलं. तंबाखूने पिवळी झालेली बोटं तिने पदरात गुंडाळून घेतली होती. मालकांनी दिला म्हटलं असतं तर ती बोटं बाहेर आली नसती. सदरा खुंटीला लागला असता, मालकाने दिलेली वस्तू म्हणून, दिवाळीच्या मिठाईच्या डब्यासारखा.

"कोणी नाही दिला," मी म्हटलं. "मी उचलून आणला."

"न विचारता?"

"हो."

"म्हणजे चोरलास?"

"चोरला."

अम्माने हात बाहेर काढले. सदरा घेतला, तडकलेल्या बाहीवरून बोट फिरवलं, आणि दारातूनच गल्लीत हाक दिली, नागव्वा, अगं इकडे ये, माझ्या पोरीने कोठावळेच्या मालावर हात मारला. तिचा आवाज मी एवढा मोठा कधी ऐकला नव्हता. अर्धी गल्ली गोळा झाली. सगळ्यांसमोर तिने तो सदरा अंगात घातला आणि दोन्ही हात खिशात घालून उभी राहिली. बायका माझ्याकडे असं बघत होत्या, जसं युनियनच्या पुढाऱ्याकडेही कधी पाहिलं नसेल. कसा काढलास, पहारेकरी नव्हता का, धरलं असतं म्हणजे? मी जमेल तसं सांगत गेले. त्यातलं काही तर मला स्वतःलाही खरं वाटायला लागलं.

शेवटी नागव्वा पुढे आली. माझी हनुवटी धरली आणि कानाशी तोंड आणून म्हणाली, "परत जाशील तेव्हा माझं पण झबलं घेऊन ये गं. ढिगात खालच्या बाजूला असेल."

मी बरं म्हटलं. चोरीचं काम असतं तर आणलंही असतं.